उशिराचा रकाना

शिक्षण कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक लांबोडकी खोली आहे. तिला आकडेवारी शाखा म्हणतात. खोलीत चार टेबलं, तीन माणसं आणि भिंतीवर एक भलामोठा नकाशा. नकाशात अठरा विभाग. वर्षातून एकदा घड्याळताई चपला काढून खुर्चीवर चढते आणि हे अठरा विभाग रंगीत पेन्सिलींनी भरते. जिथली बहुतेक मुलं वेळेत शाळा पूर्ण करतात तो विभाग हिरवा, जिथली जेमतेम निम्मी करतात तो पिवळा, आणि जिथली निम्मीसुद्धा करत नाहीत तो लाल. हाच नकाशा कॉम्प्युटरवरही निघतो. पण कार्यालयाच्या प्रिंटरमधून लाल रंग गुलाबी होऊन बाहेर पडतो आणि मागे पडलेल्या विभागांचे लोक उगाच खूश होऊन जातात. म्हणून पेन्सिली.

'वेळेत' म्हणजे काय, हे घड्याळताईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. नववीत आलेलं पोर चार वर्षांनी बारावी पास होऊन बाहेर पडलं, की ते वेळेत. चार म्हणजे चार. सव्वाचार नाही, 'बाई, थोडक्यात राहिलं' नाही.

घड्याळताई हे नाव तिला शाळांनी दिलं. सगळ्या शाळांचे फॉर्म दरवर्षी पंधरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत आले पाहिजेत. पाच वाजून दहा मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या मुख्याध्यापकाचा फोन वाजतोच.

"सर, आज तारीख काय?"

"पंधरा, ताई."

"वाजले किती?"

"पाच... म्हणजे, पाच दहा."

"मग आपला फॉर्म कुठंय?"

"निघालाय, ताई."

"निघालाय म्हणजे? चालत येतोय का?"

एवढं झालं की ती रिसीव्हर असा काही ठेवायची, जणू पडदाच पाडला. शेजारच्या टेबलावर टपालाची आवकजावक नोंदवणारा कारकून बसतो. त्याला सगळे आवकजावकच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. तो एकदा म्हणाला, "ताई, तुम्ही जन्मालाही पाच मिनिटं आधी येऊन बाहेर बाकावर बसला असाल."

घड्याळताई मोठ्यानं हसली. आणि घाईघाईनं पुढचा फॉर्म ओढून घेतला. कारण जी चार वर्षं ती साऱ्या विभागांकडून टाचणी टोचून वसूल करायची, ती तिनं स्वतः सहा वर्षांत पूर्ण केली होती.

आता ही सहा वर्षं कशी झाली ते सांगायला हवं. ती मूळची डोंगरपट्ट्यातली. म्हणजे नकाशात वरच्या कोपऱ्यात जो तुकडा ती दरवर्षी स्वतःच्या हातानं लाल करते, तिथली. दहावीत असताना तिची आई सफरचंदाच्या तोडणीत शिडीवरून पडली आणि कंबर धरून बसली. वडील ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. धाकटा भाऊ चार महिन्यांचा. मग दुसरं कोण घरी थांबणार? ती थांबली. डोंगरात याला शाळा सोडली असं म्हणत नाहीत. 'पोरीनं वर्ष ठेवलंय' म्हणतात. ट्रंकेत घडी घालून शाल ठेवावी, तसं. थंडी आली की काढायची. तिनं पुढच्या वर्षी ते काढलं, झटकलं आणि पुन्हा दहावीत जाऊन बसली.

ते एक वर्ष. त्याची लाज वाटायचं तसं काही कारण नव्हतं. दुसऱ्या वर्षाचं मात्र सगळं श्रेय तिचं एकटीचं.

बारावीच्या परीक्षेचं वेळापत्रक तिनं खालच्या पट्ट्यात राहणाऱ्या मावसबहिणीच्या वहीतून सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. सुवाच्य होतं, पण खालच्या पट्ट्याचं होतं. तिथं गणिताचा पेपर दुपारी दोनला. डोंगरात बसच्या वेळेमुळे सगळे पेपर सकाळी नऊला. घड्याळताई नीट वेणी घालून, तीन पेनं घेऊन, दीड वाजता शाळेच्या फाटकापाशी हजर. शिपाई कुलूप लावत होता.

"मामा, कुलूप का लावताय? पेपर आहे ना?"

"होता की. सकाळी झाला. काय गं, तू कुठं होतीस?"

"मी... वेळेआधी आलेय."

साडेचार तास उशिरा आणि अर्धा तास लवकर, असं एकाच वेळी पोचण्याचा हा पराक्रम आजवर दुसऱ्या कुणी केल्याचं तिच्या ऐकिवात नाही.

ही गोष्ट कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हती. घरी फक्त नवऱ्याला माहीत. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. लग्न ठरताना तिनं चाचरत सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "माझ्याकडे माणसं येतात तेव्हा त्यांना कित्येक वर्षं दिसत नसतं. मी कधी कुणाला विचारत नाही, इतके दिवस काय करत होतात म्हणून." त्या एका वाक्यावर तिनं होकार दिला. मुलीला मात्र सांगितलं नव्हतं. मुलगी आता बारावीत होती, अगदी वेळेत. आणि 'आमच्या घरात सगळे वेळेत' हे वाक्य घड्याळताईच्या तोंडून इतक्यांदा गेलं होतं की आता ते गिळायचं तर घसा सोलवटला असता.

हे सगळं असंच झाकून राहिलं असतं. पण त्या सोमवारी मॅडम हातात कागद घेऊन खोलीत आल्या.

मॅडम म्हणजे नव्या अधिकारी. घड्याळताईपेक्षा चौदा वर्षांनी लहान, भरभर चालणाऱ्या, खुर्ची दिली तरी उभ्यानंच बोलणाऱ्या.

"ताई, वरून आदेश आलाय. ज्या शाळेत निम्म्याहून कमी मुलं शाळा पूर्ण करतात, तिथले अकरावी-बारावीचे वर्ग बंद. मुलं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची. आपल्याकडच्या तीन शाळा यादीत आहेत." मॅडमनी तीन नावं वाचली. तिसरं नाव डोंगरपट्ट्यातल्या वरच्या शाळेचं होतं. घड्याळताईच्या शाळेचं.

"अठ्ठावीसातले बारा," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी बाहेर पडायला हवी होती ती तुकडी. फारच कमी आहेत हो. जवळची मोठी शाळा किती लांब?"

"नकाशात दोन बोटं."

"आणि रस्त्यानं?"

"बस मिळाली तर अडीच तास. हिवाळ्यात दरड पडली तर उन्हाळ्यात."

मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे वर्ग बंद झाले की बहुतेक मुली घरीच बसणार. आकडे एकदा तपासून घ्या. गुरुवारी वरचे साहेब येतायत. ते सही करतील आणि जातील."

मॅडम गेल्या. घड्याळताईनं फोन ओढला आणि डोंगरातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला लावला. या हेडबाई शाळेत तिच्या दोन इयत्ता मागे होत्या. घड्याळताई दोन वर्षं रेंगाळल्यामुळे दोघी शेवटी एकाच बाकावर आल्या आणि एकाच दिवशी पास झाल्या.

"बोल गं, लेट गाडी."

"हळू बोल, इथं माणसं आहेत."

"इथंही आहेत. पुढच्या वर्षी असतील का ते तू सांग. पत्र आलंय मला."

"म्हणूनच फोन केला. अठ्ठावीसातले बाराच कसे गं?"

"तुझ्या फॉर्मात बारा. माझ्या शाळेत एकवीस."

"एकवीस कुठून काढलेस?"

"मी कशाला काढू? आले आपापल्या पायांनी. बारा जण चार वर्षांत. सहा जणींनी एकेक वर्ष ठेवलं होतं, त्या पाच वर्षांत. तिघं सहा वर्षांत. सात मात्र गेले, त्यांचं मी लपवत नाही. दोघांना तर मी घरी जाऊन हाताला धरून आणलं, तरी पुन्हा गेले. पण बाकीच्या नऊंना गेले कसं म्हणू? त्यातली एक तुमच्याच शहरात नर्सिंगला आहे. सुया टोचते लोकांना. आणि तुझ्या कागदावर ती गळाली!"

"मग फॉर्मात लिहिलं का नाहीस?"

"कुठं लिहू? तुझ्या दंडावर? दोनच रकाने आहेत. 'वेळेत पूर्ण' आणि 'गळती'. एका वर्षी मी समासात लिहून पाठवलं, 'नऊ मुलं उशिरा पण पास'. तू फोन केलास आणि मला पोरीसारखं झापलंस, समास मोकळा सोडायचा म्हणून."

झापलं होतं. घड्याळताईला शब्दन्‌शब्द आठवत होता. त्या दिवशी तिचा आवाज फार छान लागला होता.

"कुठल्या शहाण्यानं केलाय गं हा फॉर्म?" हेडबाईंनी विचारलं.

"वरून आलाय," घड्याळताई म्हणाली.

बारा वर्षांच्या सवयीनं म्हणाली. हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं रुळलं होतं की बोलायला डोकं लागायचंच नाही. शाळा कुरकुरल्या, वरून आलाय. नवे अधिकारी आले, वरून आलाय. एकदा तर खुद्द वरच्या कार्यालयातून कुणी विचारलं, तेव्हाही ती बोलून गेली होती, वरून आलाय; आणि पलीकडचा माणूस 'बरं बरं' म्हणून गप्प झाला होता.

फॉर्म कुठूनही आला नव्हता. तो याच खोलीत, याच टेबलावर, याच बाईनं आखला होता.

त्याचं असं झालं होतं. बारा वर्षांपूर्वीचे जुने साहेब एकदा म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, शाळांसाठी एक कोष्टक आखून टाका." तिनं आखलं. त्यात 'वेळेत पूर्ण', 'उशिरा पूर्ण', 'गळती' आणि 'शेरा' असे चार रकाने होते. नमुना म्हणून भरायला एखादी जुनी तुकडी हवी होती. हाताशी डोंगरातल्या शाळेचं रजिस्टर होतं, आणि त्यातही तिनं मोठ्या हौसेनं स्वतःचीच तुकडी काढली. भरता भरता 'उशिरा पूर्ण' या रकान्यात तिनं आकडा लिहिला: एक.

त्या एकाला ती चांगली ओळखत होती.

बराच वेळ ती त्या एकाकडे बघत बसली. तो एकसुद्धा तिच्याकडे बघत होता. वेणी घातलेला, तीन पेनं घेतलेला. तेवढ्यात साहेबांनी डोकावून सांगितलं, "कोष्टक आडवं फार झालंय. कागदात बसत नाहीये. एक रकाना काढा." कुठला काढा ते सांगितलं नाही. 'शेरा' काढता आला असता. बारा वर्षांत शेऱ्याच्या रकान्यात एकाही शाळेनं 'निरंक' सोडून काही लिहिलेलं नाही. पण घड्याळताईनं शेरा ठेवला आणि उशीर काढला. खोडरबराच्या दोन फटक्यांत ती स्वतः कागदावरून नाहीशी झाली. तिला फार हलकं वाटलं होतं. घरी जाताना तिनं आइसक्रीम खाल्लं होतं.

आता, बारा वर्षांनी, ते आइसक्रीम घशाशी आलं.

बुधवारी संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर मुलीनं ताटावरूनच तोफ डागली.

"आई, तू माझ्या शाळेत फोन केलास? परीक्षेचं वेळापत्रक विचारायला?"

"नुसती खात्री केली."

"चौथ्यांदा! क्लार्क सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्या मातोश्रींना सांगा, गणिताचा पेपर अजून सकाळीच आहे. सगळा वर्ग हसला."

नवऱ्यानं एकदम पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

"हसायला काय झालं?" घड्याळताई म्हणाली. "वेळ चुकली म्हणजे?"

"कुणाची चुकते गं आई? वेळापत्रक वाचता येत नाही इतकं बावळट कोण असतं?"

नवऱ्याला ठसका लागला. घड्याळताईनं त्याच्या पाठीवर जरा जोरातच थापटलं.

मुलगी हात धुवायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "सांगून टाक ना आता."

"कुणाला? हिला, का साहेबांना?"

"जो आधी भेटेल त्याला."

"अहो, मी बारा वर्षं लोकांना घड्याळ दाखवतेय. आता तिथं उभी राहून सांगू, की मीच सगळ्यात उशिरा आले? जिन्यावरचा शिपाईसुद्धा हसेल."

"हसेल. मग?"

या 'मग'वर तिनं भांडी जरा आपटून घासली.

गुरुवारी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आली आणि कपाटातल्या सगळ्यात खालच्या फडताळातून एक जुनी फाईल काढली. चार रकान्यांचा नमुना तसाच होता. कागद तिरका धरला की खोडलेला रकाना दिसत होता. आवकजावक मागून येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही.

"सापडला का?" तो म्हणाला.

ती दचकली. "काय सापडला?"

"नमुना. माझ्या रजिस्टरला आहे नोंद. 'फॉर्मचा नमुना, आखणी टेबल क्रमांक दोन.' बारा वर्षांपासून माहितीय मला."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी आवक-जावक लिहितो, ताई. कागद का आला, का गेला, ते विचारत नाही." मग खाली वाकून कुजबुजला, "सोपं आहे. जुन्या साहेबांवर ढकलून द्या. ते आता या जगात नाहीत. कुठून येतायत नाही म्हणायला?"

खरं सांगायचं तर ही युक्ती तिला फार आवडली. इतकी आवडली की प्रसाधनगृहाच्या आरशासमोर जाऊन तिनं तिची तालीमही केली. आधी सरकारी: "असं निदर्शनास आलं आहे की, काही तांत्रिक कारणास्तव..." कोणाच्या निदर्शनास? कोणतं कारण? वाक्यात माणूसच नव्हता. मग दिवंगत साहेबांवर: "साहेबांच्या तोंडी सूचनेनुसार..." इथं तिला साहेबांचं बिचाऱ्यांचं टक्कल आठवलं आणि पुढचं सुचेना. शेवटी रडून बघितलं. रडताना तिचं नाक इतकं लाल दिसलं की तिला स्वतःच्याच हातानं रंगवलेला डोंगरपट्टा आठवला. तेवढ्यात सफाईवाल्या मावशी आत आल्या, म्हणाल्या, "ताई, नाटकात आहात का?"

"बारा वर्षं, मावशी," घड्याळताई म्हणाली आणि तोंड धुऊन बाहेर पडली.

वरचे साहेब अकराला आले. गोल चेहरा, थकलेले डोळे, हातात टोपण काढलेलं पेन. मॅडम शेजारी उभ्या. समोर तीन कागद.

"हं, आकडे तपासलेत ना?" साहेबांनी विचारलं. पेन पहिल्या कागदाच्या दिशेनं निघालंसुद्धा होतं.

"तपासले, साहेब. आकडे बरोबर आहेत," घड्याळताई म्हणाली. पेन टेकलं. "फॉर्म चूक आहे."

पेन उचललं गेलं.

"डोंगरातल्या शाळेत अठ्ठावीसातली बारा मुलं चार वर्षांत पास झाली. पण आणखी नऊ पाच-सहा वर्षांत झाली. फॉर्ममध्ये त्यांना जागा नाही, म्हणून ती गळतीत गेली. आदेशात लिहिलंय, निम्म्याहून कमी मुलं 'पूर्ण करतात' तिथं वर्ग बंद. वेळेत पूर्ण करतात, असं नाही. मग ही एकवीस होतात."

मॅडमनी आदेश उचलून वाचला. पुन्हा वाचला. "खरंय, साहेब."

"पण मग फॉर्ममध्ये हा रकाना का नाही?" साहेब वैतागले. "कुणी केलाय हा फॉर्म?"

आवकजावक दारात रजिस्टर छातीशी धरून उभा होता. 'वरून आलाय' हे दोन शब्द घड्याळताईच्या जिभेवर आपणहून येऊन बसले. पण आज साहेब स्वतःच वरून आले होते.

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"मी. आधी रकाना होता. कागदात बसत नव्हता म्हणून काढला."

"आणि 'शेरा' बसला?" मॅडमनी विचारलं. त्या हुशार होत्या, हे घड्याळताईला तोवर आवडत असे.

"बसला."

"बारा वर्षांत शेऱ्यात काय आलं, ताई?"

"निरंक."

"मग तोच का नाही काढलात?"

"कारण शेऱ्यात मी नव्हते, मॅडम. उशिरात होते." आणि मग थांबताच येईना तिला. आईची शिडी, धाकटा भाऊ, ठेवलेलं वर्ष, मावसबहिणीची वही, तीन पेनं, कुलूप लावणारा मामा, सगळं एका दमात बाहेर आलं. "चार वर्षांची शाळा मी सहा वर्षांत केली, साहेब. आणि ते कुणाला दिसू नये म्हणून फॉर्ममधून रकानाच उडवला. मला वाटलं एकटी मीच उडतेय. नऊ-नऊ, दहा-दहा पोरं दरवर्षी माझ्याबरोबर उडत होती, आणि मी त्यांच्यावर लाल पेन्सिल फिरवत होते. रेषेबाहेर जाऊ न देता."

साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले.

"मागच्या महिन्यात," ते सावकाश म्हणाले, "माझा अहवाल दोन दिवस उशिरा आला म्हणून मला खरमरीत पत्र पाठवणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

"हो, साहेब."

"सहा वर्षं?"

"सहा."

दारातून खिक्‌ असा आवाज आला. आवकजावक रजिस्टरमागे तोंड लपवत होता. मॅडमनी खिडकीकडे मान फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते. घड्याळताईला वाटलं होतं, लोक हसले तर जमीन दुभंगेल. जमीन जागच्या जागी राहिली. उलट तिला स्वतःलाच हसू फुटलं, आणि ते आवरेना.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "सोमवारी पाचपर्यंत एकवीस नावं आणि एकवीस दाखल्यांच्या प्रती. त्यानंतर मी काही ऐकणार नाही. आणि बाकीच्या दोन शाळांचीही अशीच यादी मागवा. मॅडम, फॉर्म बदलून घ्या." जाता जाता दारात थांबून म्हणाले, "यांच्याकडूनच घ्या. अक्षर चांगलं आहे."

त्या संध्याकाळी मुलीनं सगळं ऐकून घेतलं, डोळे मोठे करून. मग म्हणाली, "म्हणजे तू... दुपारी गेलीस? वेणी घालून?" आणि इतकी हसली की तिला उचकी लागली. हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले. म्हणाली, "आणि माझं यंदा नाहीच झालं काही कारणानं, तर? घरात चालेल?"

घड्याळताईला एकदम कळलं, की ही पोर गेलं वर्षभर काय डोक्यावर घेऊन फिरतेय. "चालेल," ती म्हणाली. "पण पेपर सकाळी आहे हे विसरू नको."

सोमवारी पाच वाजले. डोंगरातून काही आलं नव्हतं. पाच पाच झाले. घड्याळताई उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मॅडम दोनदा दारात येऊन गेल्या. पाच वीसला आवकजावकच्या फॅक्स मशीनमधून कागद सरसरत बाहेर यायला लागले, आणि तिनं फोन उचलला.

"किती वाजले?"

"अगं लेट गाडी, एकवीस दाखले गोळा करायचे म्हणजे काय गंमत आहे? तिघांची घरं तर पार वर, पायवाटेनं. मी स्वतः गेले. गुडघा बघ माझा..."

"मी विचारलं, किती वाजले?"

"पाच वीस."

"पाचची वेळ होती."

"मग टाक मला उशिराच्या रकान्यात!" हेडबाई ओरडल्या आणि फोन आपटला.

आवकजावकनं शिक्का मारला. पेन उचलून इकडेतिकडे बघितलं. "ताई, पाच लिहू का? कोण बघतंय?"

घड्याळताई विचारात पडली. डोळ्यांसमोर दोन बोटांचं अंतर आलं, अडीच तासांची बस आली, आणि साहेबांचं 'मी काही ऐकणार नाही' कानात वाजलं. मग तिनं कागद मोजले. एकवीस. पुन्हा मोजले. एकवीसच.

"पाच वीस लिहा," ती म्हणाली. "मी स्वतः घेऊन जाते वर. बोलणी खायची सवय झालीय आता."

बोलणी खाल्ली. पण कागद ठेवून घेतले गेले. पंधरा दिवसांनी पत्र आलं: डोंगरातल्या शाळेचे वरचे वर्ग चालू राहतील. यादीतल्या पहिल्या शाळेचेही वाचले. दुसरीचे नाही वाचले. तिथं उशिराच्या रकान्यातही कुणी सापडलं नाही.

नवे फॉर्म यायला लागले तेव्हा घड्याळताईला आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या पट्ट्यातल्या हिरव्यागार शाळांमध्ये उशिराचा रकाना जवळजवळ रिकामा होता. तिथं एकदा मागे पडलेलं पोर परत यायचं नाही, आणि ते आलं नाही हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. हिरव्यात बुडून जायचं. डोंगरात वेळेत संपवणारे कमी, पण परत येणारे पुष्कळ.

ती चपला काढून खुर्चीवर चढली. डबीतल्या लाल आणि हिरव्या पेन्सिलींची नुसती थोटकं उरली होती. नारिंगी मात्र कोरी, पूर्ण लांबीची, बारा वर्षं डबीत आडवी पडलेली.

"डोंगराचा लाल काढायचा का आता?" आवकजावकनं खालून विचारलं.

"छे. बारा म्हणजे बाराच. वेळेत झाले नाहीत ते नाहीत." तिनं लाल तसाच ठेवला आणि त्याच्यावर नारिंगी तिरक्या रेघा ओढायला सुरुवात केली. दोन रेघा सीमेबाहेर, शेजारच्या विभागात गेल्या.

फोन वाजला. आवकजावकनं तो उचलून वर तिच्या हातात दिला. नदीकाठच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आवाज तापलेला.

"ताई, हा काय नवीन ताप आहे? आता उशिरा पास झालेली पोरं कुठून शोधून आणू? कुठल्या शहाण्यानं हा रकाना घातलाय?"

"मीच ती शहाणी, सर," घड्याळताई खुर्चीवरूनच म्हणाली. "बोला, कुठं अडलंय?" मग मनगटाकडे बघितलं. "आणि सर, पाच दहा झालेत."